गोळ्यांच्या दिवसांतले तुम्ही

बाबा, मी आता आपल्या बेटाच्या मधोमध, फिनिक्सला राहते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतल्या बायका औषधं घेऊन माझ्याच दारात येतात. परवा शेजारीण आली. तिच्या नवऱ्याच्या अंगावर फोड उठलेत, डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात. ती हसत सांगत होती, "लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी एवढं कधी बोलला नाही. उठल्यापासून गाणी म्हणतो. काय घालता गो तुम्ही त्या गोळीत?" मी तिला सांगायचं ते सांगितलं. सकाळी घ्यायची, पोटात काहीतरी घालून घ्यायची, बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायची नाही. गाण्यांचं कारण मात्र मी तिला सांगितलं नाही. ती गेली आणि मी दार लावून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही कधीच बोलणारे नव्हता. उत्तरेला पेती राफ्रे गावातल्या आपल्या घरात तुमचा आवाज यायचा तो बैलाला हाक मारताना, नाहीतर कांद्याच्या वाफ्यात कुणाचं चुकलं तर. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "परक्यांची अंगं धुवायला शिकलीस काय?" आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे पाहिलंही नाहीत. मग मी दुसऱ्या वर्षाला असताना तुमचं तोंड आलं. आयेला वाटलं, मिरचीनं झालं असेल. पण पेजसुद्धा गिळवेना, आणि मग छातीवर, पाठीवर पाण्यानं भरलेले फोड आले. फुटले की खालची कातडी उघडी पडायची. चादर चिकटायची म्हणून आयेनं खाटेवर केळीची पानं अंथरली. तुम्ही त्या हिरव्या पानांवर उघडे पडलेले, आणि दारातून डोकावून परत फिरणारे शेजारी. कुणी म्हणालं नागीण, कुणी म्हणालं संसर्ग. मी अंगणात उभी राहून घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते की हे कुणाला लागत नाही, शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलंय. कुणाला पटलं नाही. मला तरी कुठे नीट कळलं होतं!

हॉस्पिटलात जांभळ्या पाण्यानं तुमचं अंग धुतलं, आणि मोठ्या डोसमध्ये प्रेडनिसोलोन सुरू झालं. काही आठवड्यांनी तुम्ही गोळ्यांची बाटली घेऊन घरी आलात, तेव्हा जखमा सुकायला लागल्या होत्या आणि चेहरा भरत होता. गाल असे गोल झाले की डोळे बारीक दिसायचे.

आणि तुम्ही बोलायला लागलात.

मी पहाटेची बस पकडायला उठते तर तुम्ही चुलीपुढे बसलेले. जन्मात पहिल्यांदा तुम्ही चहा केलाय. "बस गो पोरी, चाय पी. बस काय पळून जात नाही." तुम्ही फराता खाताय, दुसरा, तिसरा, आणि खाता खाता झाकरीची गाणी म्हणताय, तरुणपणी गणपतीत फेर धरून म्हणायचात ती. तुम्ही कधी गायचात हेच मला माहीत नव्हतं. आये पदरात तोंड लपवून हसते. मग तुम्ही सांगता, मी तान्ही असताना तापानं फणफणले होते आणि तुम्ही मला सायकलवरून गुडलँड्सला डॉक्टरकडे नेलं होतं, एका हातानं मला छातीशी धरून. "वाटेत तू रडायची थांबलीस गो. मला वाटलं, गेली. तवा मीच मोठ्यानं रडत सायकल चालवली." हे सांगताना तुमच्या गोल गालांवरून पाणी वाहत होतं आणि तुम्ही ते पुसत नव्हता. ती बस माझी चुकली. मी मुद्दाम चुकू दिली.

अशाच एका सकाळी मी सांगून टाकलं की माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा आहे, तमिळ घरातला, आणि आम्हाला लग्न करायचंय. आयेच्या हातातलं लाटणं थांबलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "तामूल तर तामूल. पोर चांगला हाय ना? कोरेक, झालं तर. आण त्याला घरी." एवढं सोपं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, लोकांना हसू दिसू नये म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर्गात हार्मोनची औषधं आली. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर एकसुरी आवाजात सांगत होत्या: भूक वाढते, झोप उडते, चेहरा गोल होतो, साखर वाढते, संसर्ग झाला तरी ताप दडून राहतो. आणि मग त्याच आवाजात, मन उल्हसित होतं, रुग्ण जास्त बोलतो, रडतो, कधी कधी न शोभेलसं वागतो. बाकीचे सगळे लिहून घेत होते. माझी वही कोरीच राहिली. तास संपल्यावर मी सिस्टरना गाठलं. "या गोळ्यांवर असताना माणूस एखादी गोष्ट कबूल करतो, ती त्याची धरायची का?"  कुणाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. "डोस उतरला की परत विचार," म्हणाल्या आणि हाताचा खडू पुसत निघून गेल्या.

तुम्हाला तेव्हा तहान फार लागत होती. मी घरी निळ्या द्रावणात तुमची लघवी उकळून पाहिली. रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि विटेसारखा लाल होऊन थांबला, म्हणजे साखर भरपूर. ती नळी हातात धरून मी परसात उभी होते. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस उतरवायला घेणार, आणि डोस उतरला की तुम्ही... मी सांगितलं, बाबा. त्याच दिवशी. त्यांनी हळूहळू गोळी कमी केली, कारण एकदम तोडली तर आतली ग्रंथी झोपलेलीच राहते आणि माणूस कोसळतो. तुम्हीही तसेच हळूहळू कमी झालात. आधी गाणी थांबली. मग चहा पुन्हा आये करायला लागली. शेवटी गाल उतरले आणि तुमचा जुना, हाडं दिसणारा चेहरा परत आला.

तुम्ही वाफ्यात ओणवे होऊन कांदे उपटत होता तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं. "बाबा, त्या मुलाबद्दल मी बोलले होते..." तुम्ही वर पाहिलं नाहीत. "एकदा बोललो ना," म्हणालात. मी विचारलं, "पण मनापासून?" तुम्ही मुळांची माती झटकलीत. "एक गोष्ट माणूस किती वेळा बोलणार?" आणि पुढच्या ओळीकडे सरकलात. लग्नात तुम्ही मांडवाच्या कडेला ताठ बसून होता. जावयाला शेवटपर्यंत मान दिलात, पण त्याच्याशी बोललात असं मला आठवत नाही. त्या होकारातला तुमचा किती आणि गोळीचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्याला मी हे कधी सांगितलं नाही.

पुढे गुडलँड्सला कपड्यांचे कारखाने आले, शेतावर माणसं मिळेनात, तुम्ही निम्मी जमीन पडीक ठेवलीत. त्याच सुमारास फोड परत आले. मी तेव्हा त्याच हॉस्पिटलात नोकरीला होते. डॉक्टर डोस वाढवूया म्हणाले, आणि तुम्ही त्यांना क्रिओलमध्ये उत्तर दिलंत, "पा त्रो फॉर, दोक्तेर." फार जोराचं नको. का, असं त्यांनी विचारलं तर तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवून मराठीत पुटपुटलात, जणू फक्त मला, "त्या गोळीनं मी बडबडतो. लाज वाटते."

म्हणजे तुम्हाला सगळं आठवत होतं. चहा, गाणी, सायकल. इतकी वर्षं ती आठवण तुम्ही लाजेसारखी बाळगलीत आणि मी ठेव्यासारखी.

मी तुमची समजूत काढली. गोळी घेतल्याशिवाय कातडी धरणार नाही, हे खरंच होतं. तुम्ही माझ्या हातून पाणी प्यायलात आणि गोळी गिळलीत. मी ड्यूटी बदलून घेतली आणि रोज सकाळची गोळी मीच द्यायला लागले. आये सगळ्यांना सांगायची, लेक नर्स असावी तर अशी. पण या वेळी तोंड आतून एवढं सोललं होतं की तुम्हाला ओठ उघडवत नव्हते. तुम्ही डोळ्यांनी पाणी मागायचात. पाठीवरच्या जखमेत संसर्ग शिरला तेव्हा ताप आलाच नाही. गोळीनं तो दडवला होता. कळलं, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, तोवर उशीर झाला होता. कुणाची चूक नव्हती. त्या औषधाचा स्वभावच तो.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवसांत रोज सकाळी मी तुमच्या उशाशी बसून राहायचे ती तुमची कातडी कधी धरते ते बघायला, असं सगळ्यांना वाटायचं. तेही होतंच. पण बाबा, त्याच्या आधी मी तुमच्या गालांकडे बघायचे, गोल व्हायला लागलेत का ते.