बझर्ड डोंगरावरची रेघ

३ मार्च १९९३, पहाटे

कशी आहेस बाई, रोजनिशी? मागची वही फेब्रुवारीतच सुटली, राग धरू नकोस. घरची खुशाली सांगतो. बायको लोरेनाचा गुडघा थंडीने धरलाय, आणि लोरेनाने मला. माझ्या रेडिओ स्टेशनसाठी जाहिराती आणणारी मार्व्हा क्विस्ट खोकतेय, आणि नेमकी मी माइकवर असताना खोकते. कुत्रा बरा. ट्रान्समीटर कण्हतो, पण उठतो. टॉवर गंजलाय, तरी ताठ उभा. माझी प्रकृती ठणठणीत.

राग तेवढा आहे.

आकडेवाल्या कंपनीचं नवं पुस्तक आलं. कोणतं स्टेशन किती लोक ऐकतात ते त्यात छापतात, आणि ते बघून मोठे जाहिरातवाले पैसे सोडतात. पुस्तकात नाही तो जगात नाही. आणि त्या दळभद्र्यांनी रेघ मारलीय ती बझर्ड डोंगराच्या माथ्यावरून! आमची मॅकनॅब काउंटी एक, शेरीफ एक, कर एक. पण डोंगराच्या पश्चिमेचे पोर्ट एलिस शहराच्या बाजारात मोजले जातात, आणि पूर्वेचे आम्ही ड्राय फोर्कवाले, मोजायच्याही लायकीचे नाही. भावाभावांनी भांडून अंगणात कुंपण घालावं, तसं.

संकल्प: हिवाळ्याच्या आत रेघ हलवणार. मग पोर्ट एलिसचे मोटारविके जाहिराती घेऊन माझ्या दारात टोपी काढून उभे राहतील.

५ मार्च

पोर्ट एलिसच्या मोठ्या स्टेशनचा मालक कर्टिस व्हँडिव्हर याचा फोन. चौथ्यांदा. स्टेशन विकता का म्हणतो. डोंगराच्या अलीकडे त्याला पाय ठेवायला जागा हवीय. मी म्हटलं, पाय ठेवशील तर तोडून हातात देईन. तो हसला. मेल्याचं हसणंसुद्धा जाहिरातीसारखं.

लोरेना म्हणते, विकून टाक वेंडेल, देणारा आहे तोवर. शेवटी विकायला म्हातारा तेवढा उरेल, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. बायको म्हणून ऐकून घेतलं.

११ मार्च

आकडेवाल्या कंपनीला फोन. कोणी मिसेस प्रूएट. आवाज असा, की बर्फालाही हुडहुडी भरावी. म्हणाल्या, मिस्टर थार्प, रेघ आम्ही मनाला येईल तशी ओढत नाही. मध्ये डोंगर किंवा वाळवंट आलं तरच काउंटी तोडतो. पलीकडचा तुकडा आत घ्यायचा तर दोन गोष्टी बघतो. तिथले किती लोक कामाला शहरात जातात, ही एक. आणि तिथलं निम्म्याहून जास्त ऐकणं शहरातल्या स्टेशनांचं आहे का, ही दुसरी.

पहिली जमवावी लागेल. दुसरी ऐकण्याबिकण्याची होती. तिची काळजी नाही. ड्राय फोर्कमध्ये ऐकण्याशिवाय करायला आहे काय?

२० मार्च

सकाळी ‘बदलाबदल’ कार्यक्रमात जाहीर केलं. जो कोणी कामाला पोर्ट एलिसला जातो, त्याने डुएन हेटिंगरच्या पेंडीच्या दुकानात येऊन कंपनीला पाठवायच्या अर्जावर सही करावी. दुपारी स्वतः गेलो. मी दार ढकललं आणि डुएनने रेडिओ खटकन बंद केला. म्हणाला, तुम्ही प्रत्यक्ष आलात, आता रेडिओ कशाला? माणूस अदबशीर आहे. मला बघून टोपीही काढतो.

सह्या कमी. अर्जाचं कोणाला कळलंच नव्हतं. वाऱ्याची दिशा वाईट असणार.

२ एप्रिल

दारोदार फिरलो. आता सह्याच सह्या. दाताच्या डॉक्टरकडे जाणाराही कामालाच जातो, असं मी समजावलं. म्हातारी श्रीमती ओडेगार्ड पोटगीच्या कोर्टासाठी जायची, तीही धरली. न्हाव्याने विचारलं, आम्ही शहरात गणलो गेलो तर आमचा फायदा काय? मी म्हटलं, अभिमान. तो म्हणाला, मग अर्धी सही करू का? गावात वात्रटांना तोटा नाही.

१९ एप्रिल

रविवारी चर्चच्या अंगणात सगळे एका विनोदावर लोळत होते. गाढव आणि विमानतळाचा. मार्व्हा म्हणाली, व्हँडिव्हरच्या सकाळच्या कार्यक्रमातला आहे. हा विनोद डोंगर ओलांडून आला कसा? कोणीतरी शहरातून आणला असेल. सर्दीही तशीच येते.

संकल्प: आपणही रोज एक विनोद सांगायचा.

२६ एप्रिल

विनोद सांगितला. हरवलेल्या वासराची सूचना आणि निधनवार्ता यांच्या मधोमध. मार्व्हा म्हणते जागा चुकली.

८ मे

विजांनी ट्रान्समीटर बसला. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत आमच्या तेराशे चाळीस किलोहर्ट्झवर नुसती खरखर. मी फोनपाशी बसून राहिलो. संतापलेल्या श्रोत्यांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं.

एकही फोन नाही. एकाही माणसाची तक्रार नाही! असा संयम शहरात सापडेल? म्हणून तर या लोकांसाठी भांडतोय.

१४ मे

आनंद! मिसेस प्रूएट अर्जावर विचार करणार. ड्राय फोर्कमधल्या काही घरांत वह्या पाठवल्यात. घरच्यांनी आठवडाभर काय ऐकलं ते लिहून परत टाकायचं. स्टेशनच्या माणसांच्या घरी वही नाही, आणि रेडिओवरून तिचा उल्लेखही करायचा नाही. करतो कशाला? आंब्याला सांगावं लागतं का, गोड हो म्हणून?

डुएनला वही आलीय. मी काही विचारलं नाही. नुसता त्याच्या दुकानाभोवती दोनदा हिंडलो.

३ जून

लोरेना स्वयंपाकघरात गात होती. व्हँडिव्हरच्या स्टेशनची जाहिरातीची धून! म्हणाली, गुडघ्यावर रॉकेल चोळताना तोंडात आली, कुठून आली देव जाणे. रेडिओचा काटा तिकडे कसा गेला विचारलं, तर म्हणे रेडिओ पुसताना सरकला. काटा आणून तेराशे चाळीसवर ठेवला. वरून टेपही चिकटवली.

५ जून

टेप निघालीय. इथल्या हवेत गोंद टिकत नाही.

१७ सप्टेंबर, रात्री

जिंकलो!!! रेघ हलली. आता ती डोंगरावरून नाही, आमच्या पूर्वेच्या नदीवरून जाते. ड्राय फोर्क आत. पोस्टमनने पाकीट दिलं तिथेच त्याला मिठी मारली, त्याला ती आवडली नाही.

मार्व्हाने सोबतचं पत्र वाचायला मागितलं. मी म्हटलं, वाचायचं काय त्यात, नकाशा बघ. तिने वाचलं. मग पत्र पालथं घालून जाहिरातींची वही काढून बसली. खोकलीसुद्धा नाही. भावना अनावर झाल्या असणार.

दुपारी व्हँडिव्हरचा फोन. मी म्हटलं, टॉवर विकणार नाही, सांगून ठेवतो. तो म्हणाला, अहो थार्प, टॉवर आता कोणाला हवाय? मी तर तुमचे आभार मानायला फोन केला.

हरलेला माणूस असाच बरळतो.

१९ सप्टेंबर

शेतकरी संघाच्या ग्रेंज हॉलमध्ये समारंभ. शाळेचा बँड, श्रीमती ओडेगार्डने हकलबेरीची फळं भरून भाजलेला पाय. मी भाषण केलं. म्हटलं, आजपासून आपण मोजले जाऊ! टाळ्या झाल्या, पण ज्यांनी मे महिन्यात वही भरली होती ते बुटांकडे बघत होते. डुएन तर बँड संपायच्या आत निघून गेला. गाय व्यायची होती म्हणे. डुएनकडे गाय नाही.

६ ऑक्टोबर

डुएनने आपली पेंडीची जाहिरात काढून घेतली. वीस वर्षांची जाहिरात! दुकानात जाऊन ओरडलो. तो म्हणाला, वेंडेल, बसा आधी. व्हँडिव्हरचा माणूस आला होता. म्हणाला, ड्राय फोर्क आता आमच्या पुस्तकात आहे, तुमचं गिऱ्हाईक आम्हालाच ऐकतं, छापील आकडे आहेत. मी काय करू? पूर्वी कोणाला ठाऊक नव्हतं कोण कोणाला ऐकतं. तुम्ही म्हणायचात सगळे तुम्हाला ऐकतात, आम्हीही हो म्हणायचो. सगळ्यांचं चाललं होतं की!

मी म्हटलं, तुझ्या दुकानातला रेडिओ लाव. नाही म्हणाला. लाव म्हटलं. लावला.

गाढवाचा आणि विमानतळाचा विनोद चालू होता. लोकांना आवडला म्हणून पुन्हा.

७ ऑक्टोबर

मिसेस प्रूएटना फोन केला, जाब विचारायला. म्हणाल्या, मिस्टर थार्प, मी मार्चमध्येच सांगितलं होतं. ड्राय फोर्क शहराला ऐकतं, म्हणून तर आत घेतलं. तुम्हालाच ऐकत असतं, तर रेघ डोंगरावरच राहिली असती.

पुस्तकात तेराशे चाळीस आहे कुठे, विचारलं. म्हणाल्या, छापण्याइतके आकडे नाहीत.

मोजलं की छापायला नको? आकडा लहान म्हणून काय माणूस लहान?

फोन त्यांनी आपटला नाही. हळूच ठेवला. ते जास्त लागलं.

१५ ऑक्टोबर

टायरवाला गेला. बियाणेवाला गेला. न्हावी म्हणाला, अर्धी सही केली होती, अर्धी जाहिरात ठेवतो. राहिली ती निधनवार्ता. मेलेले लोक निष्ठावान असतात.

लोरेनाला म्हटलं, व्हँडिव्हरला फोन करतो, विकतो एकदाचं. ती म्हणाली, केला मीच. नको म्हणतो. गाव फुकटात मिळाल्यावर टॉवर कोण विकत घेईल? मग म्हणाली, हात दाखवून अवलक्षण केलंस रे वेंडेल. आणि ताटात दोन बटाटे जास्त वाढले.

गात नव्हती. रेडिओही बंद होता.

२ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. उद्या टाकतो. कच्चा खर्डा इथे ठेवतो:

मिसेस प्रूएट यांना नमस्कार. तुमच्या मोजणीत चूक नाही, हे आमच्या पत्नीनेही कबूल केलं आहे. परंतु विनंती अशी, की रेघ पूर्वी होती तिथे, बझर्ड डोंगरावर, परत ठेवावी. डोंगर अजून तिथेच आहे, मी रोज बघतो. सह्या खोट्या होत्या. दाताच्या डॉक्टरकडे जाणं हे काम नव्हे. कोणी मोजत नव्हतं तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

उत्तर लवकर लिहा. मी वाट बघतोय. स्टेशन सोमवारपासून बंद आहे. फोन कोणाचाच आला नाही, पण पोस्टमन रोज येतो.