वामनकाकांचे अकरा ऐन

१८ मार्च २००६
धसईच्या पलीकडची वाडी. टॉवरची जागा पाहिली. टेकडी चढताना जीभ बाहेर आली. इथल्या डिशला मुरबाडच्या टॉवरवरची डिश सरळ दिसली पाहिजे, मध्ये काही आडवं नको. दिसायला एवढंच काम, पण सगळं त्याच्यावर. मुरबाडहून जोडीदाराने आरसा चमकवला, मला दुर्बिणीतून लख्ख दिसला. रिपोर्ट: मार्ग मोकळा, डिश वीस मीटरवर पुरे. खाली माझी सही.
समोरच्या उंचवट्यावरच्या माळाचे मालक वामनकाका. कोरा चहा दिला. म्हणाले, "आमच्या वाडीत फोन वाजला तर तुला कोंबडा."

९ डिसेंबर २००६
साइट चालू. वामनकाकांनी पहिला फोन मुलाला लावला, तो मुरबाडला कंपनीत आहे. इतक्या मोठ्याने बोलले की फोनची गरजच नव्हती. कोंबडा मिळाला.

३१ जुलै २००७
वाडीची साइट परत बंद. महिन्यात सहाव्यांदा. पाऊस असो नसो. साहेब सगळ्यांसमोर, "काय रे, तुझ्या मुलखातली साइट, आणि तीच आजारी?" उद्या जातो.

१ ऑगस्ट
टॉवरवर चढलो. डिशच्या तोंडासमोर हिरवी भिंत. वामनकाकांच्या माळावरचे ऐन. अकरा.
गेल्या वर्षी सर्व्हेला आलो तेव्हा हे नुसते खांब होते. राबासाठी छाटलेले. हिवाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवून वाफ्यात जाळायच्या, त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. शहापूर-मुरबाडचं शेंबडं पोरही सांगेल की छाटलेला ऐन पुन्हा फुटतो. पुण्याचा इंजिनियर चुकला असता तर हसलो असतो. मी लहानपणी राबाचे भारे डोक्यावर वाहिलेत, आणि दुर्बीण हातात आल्यावर एवढं दिसलं नाही!
काकांना विचारलं. "पोरगा कंपनीत लागल्यापून छाटनी बंद. झाडावं चढनार कोन? मी?"

२ ऑगस्ट
ऑफिसात कारण लिहिलं: 'मार्गात झाडांची वाढ'. खोटं नाही. खरंही नाही.
उपाय मला माहीत आहे. टॉवर उंच करून डिश तीस मीटरवर न्यायची. पण मग पहिला प्रश्न, सर्व्हे कोणी केला? सीनियरच्या बढतीची यादी याच महिन्यात. साहेब म्हणाले, "झाडं काढून टाक, सोपं आहे." मी "हो सर" म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच...

११ ऑगस्ट
वाडीवर गेलो. वामनकाका अंगणात इरलं दुरुस्त करत होते. सांगितलं, फोनच्या आड ऐन येतायत.
"छाटू का?"
"परत फुटतील."
"मंग, बुंध्यातून?"
"हो."
इरल्याची गाठ आवळली. "दुसरा इलाज नाय?"
"नाय, काका."
"माज्या आज्यानं राखल्यात रे. पन सूनबाईचे दिस भरत आलेत. गाडी बोलवायला फोन पायजे. तू सांगतोस म्हंजे खराच असंल."
काकूंनी भाकरी वाढली. ताट मागे सारलं. भूक नाही म्हणालो. आणखी एक खोटं, पण ते पहिल्यापेक्षा बरं.

२१ ऑगस्ट
ऑफिसने तोडीचा परवाना मिळवला. इतर कामांना महिने लागतात, याला दहा दिवस. कंत्राटदार करवत घेऊन गेला होता, वामनकाकांनी परत पाठवलं. "परक्याच्या हातून नको. आयतवारी मीच तोडतो."
ऑफिसात सगळे हसले. मीही थोडा हसलो. हे लिहून ठेवतो, नाहीतर विसरायचा प्रयत्न करीन.

२५ ऑगस्ट, शनिवार
आप्पांना सांगितलं. वडील म्हणून नाही, भातसानगरला धरणाची पातळी मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली म्हणून. ऐकून घेतलं, विडी विझवली.
"माजा आकडा एकदा चुकलेला. साहेब जेवत होता, ताटावरून उठवला न् सांगितला. लई शिव्या दिल्यान."
"मग?"
"मंग काय? पानी कितीय ते त्याला कळला."
उद्याच काकांचा आयतवार. लगेच उठलो. शहापूर नाक्यावरच्या सायबर कॅफेतून साहेबांना मेल: सर्व्हेची चूक माझी, डिश तीस मीटरवर घ्यावी, झाडं तोडू नयेत. पाठवली आणि छाती हलकी झाली. भीतीही वाटली. दोन्ही एकदम.
मग वामनकाकांना फोन. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' परत. परत. पाच वाजल्यापासून साइट बंद. काका, थांबा, एवढंच सांगायचंय, आणि ते सांगायला मी बांधलेलं नेटवर्क नाही.
साहेबांचा फोन मात्र आला. "वेडा आहेस का? यादी सोमवारी जाते. परवाना हातात आहे. मेल मागे घे, मी वाचली नाही असं समजतो."
"सकाळी सांगतो," म्हणालो. काय सांगणार, ठरलेलं नाही.

२६ ऑगस्ट, रविवार
उजाडताच मोटरसायकल काढली. धसईपर्यंत ठीक. पुढे ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली. वाडी पलीकडे, माळही पलीकडे. अलीकडच्या टपरीत बसून हे लिहितोय. वही भिजली आहे.
पाऊस थांबला तसा आवाज यायला लागला. वर माळावरून, कुऱ्हाडीचा. सावकाश. पाच-सहा घाव, मग दम, मग परत. एकटा माणूस तोडतोय.
फोन लावला. तीच बाई, तेच वाक्य.
काठावर जाऊन ओरडलो, "वामनकाका, थांबाऽऽ! तोडू नकाऽऽ!" घसा बसला. टपरीवाला म्हणाला, "वरचा आवाज खाली येतो, खालचा वर नाय जायचा. पान्याचा घोंगाट केवडा हाय."
"पाणी कधी उतरेल?"
"वर पडला नाय तर दोन तासांत. पडला तर काय सांगू?"
वर काळंच आहे. साहेबांचा मिस्ड कॉल. इथे धसईची रेंज येते.
आत्ता मोठा आवाज झाला. एक झाड पडलं. थोडा वेळ सगळं गप्प होतं. मी पुन्हा काठावर गेलो, पुन्हा ओरडलो.
कुऱ्हाड परत सुरू झाली आहे.