ताईच्या ग्रहाची काळोखी बाजू

सोमवार, ३ मार्च

ताई नोकरी सोडून दुसऱ्या शहरात चालली आहे. मला कुणी सांगितलं? साहेबांनी! सख्ख्या बहिणी, एका खोलीत झोपतो, एकाच ऑफिसात गेम बनवतो — ती ग्रह रंगवते, मी त्यांना कक्षेत फिरवते — आणि मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, "तू रडारड केली असतीस." मी बोलणंच टाकलं. मग तिनेही.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांचं नवं खूळ. "कक्षा खऱ्यासारख्या हव्यात. मागच्या गेममध्ये ग्रह एकमेकांतून आरपार जात होते, लोक हसले."

बरं. अंतरं, वजनं, लंबगोल कक्षा — सगळं नव्याने बसवलं. दहा लाख वर्षं पुढे पळवून पाहिलं, कुणी कुणावर आदळत नाही. आणि ताईचा लाडका ग्रह, ज्यावरचं जंगल तिने महिनाभर खपून रंगवलं, तो हळूच लाल ताऱ्याजवळ सरकवला. इतक्या जवळच्या ग्रहाचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे राहतं, चंद्राचं आपल्याकडे असतं तसं. दुसरी बाजू कायम काळोखात. जंगल कोणत्या बाजूला आलं, ते विचारायलाच नको. शास्त्रशुद्ध सूड! आज पोटभर जेवले.

बुधवार, ५ मार्च

ताईने ग्रह उघडून पाहिला. मान खाली घालून रंगवत बसली. मला वाटलं होतं, निदान भांडेल तरी.

गुरुवार, ६ मार्च

साहेब म्हणाले, "उद्या तिचा शेवटचा दिवस. सगळ्यांसमोर तिचाच ग्रह दाखवू." अंधारात दाखवणार काय, कप्पाळ! ग्रह फिरवायला धावले, तर गेमला दुपारीच कुलूप. आता कुणी कशाला हात लावायचा नाही म्हणे.

शुक्रवार, ७ मार्च

पडद्यावर गेममधलं यान काळोख्या बाजूला वळलं. मी डोळे मिटून घेतले. कुणीतरी "अहाहा" म्हणालं. पाहते तो सबंध जंगल आतून उजळलेलं — पानं निळी, नद्या हिरवट. कुलूप लागायच्या आत तिने सगळं अंधारासाठी नव्याने रंगवलं होतं! साहेबांनी माझीही पाठ थोपटली, "काय जागा निवडलीस!" ताई माझ्याकडे न बघता हसत होती. मला फार लाज वाटली.

घरी आल्यावर बोलायला हवं होतं. नाही बोलले.

शनिवार, ८ मार्च

ताई गेली. मी पांघरुणात डोकं खुपसून झोपेचं सोंग घेतलं. गाढव आहे मी.

सोमवार, १० मार्च

गेम सकाळीच लोकांच्या हाती गेला. मी पहिल्यांदाच त्या ग्रहाच्या उजेडातल्या बाजूला उतरले, जिथे दिवस कधीच मावळत नाही. भोवती नुसते डोंगर. यान उंच नेऊन पाहिलं. डोंगर कसले — माझं तोंड! आ वासून घोरणारं. आणि यान उतरतं ते थेट नाकपुडीत.

फोन लावला. पलीकडे आधी हसू, मग ताई म्हणाली, "उतरलीस?"