हुक लावणार नाही

३ फेब्रुवारी
आजपासून ही वही. कारण एकच : साडू.
काल विटांची भरलेली ट्रॉली घेऊन माझा ट्रॅक्टर नाल्यात रुतला. साडू आपला नवा कोरा ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला, एका झटक्यात मला बाहेर काढलं. इथपर्यंत माणुसकी. मग भट्टीवाल्या शेठसमोर, वीसेक माणसांसमोर म्हणाला की साडूभाऊ, पुढे एक कायमचा हुक वेल्ड करून घ्या, दर वेळी दोर कुठे बांधायचा ते शोधत बसावं लागतं. सगळे हसले. शेठ तर डोळे पुसत होता.
मी शांत राहिलो. क्षमा हा मोठा गुण आहे. त्याचा नक्षा उतरवला की लगेच क्षमा करणार.

४ फेब्रुवारी, पहाटे
संकल्प. वडिलांचा ट्रॅक्टर विकायचा नाही. इंजिनाची ताकद दीडपट करायची. वर ते आणखी पन्नास वर्षं टिकलं पाहिजे. आणि हुक लावायचा नाही. मेलो तरी.
जप झाल्यावर देवाकडे मागणं मागितलं. सूड मागितला नाही, तो त्याला आवडत नाही. एवढंच म्हटलं की माझं इंजिन कुणाच्या बापाला थांबवता येऊ नये. (नंतर शब्द बदलला : कुणालाही.) कशासाठी, ते देव विचारत नाही.

९ फेब्रुवारी
मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणतो, ताकदही हवी आणि टिकायलाही हवं तर पिस्टन, बेअरिंग, रेडिएटर, क्लच, सगळंच बदला. एका घोड्याला दोघांचा चारा घातला म्हणून दोन घोडे होत नाहीत, आहे त्याचं पोट फुटतं.
मिस्त्री हाताचा चांगला आहे. पण शाळेत तो मागच्या बाकावर आणि मी पुढच्या, हे विसरून चालणार नाही.

१४ फेब्रुवारी
डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवायचा स्क्रू दीड फेरा फिरवला. चालू करताच काळाकुट्ट धूर. शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. याहून ताकदीचा पुरावा काय हवा?
ही म्हणाली, आधी तो मोरीतला नळ गळतोय, त्याचा वायसर बदला. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

२० फेब्रुवारी
देव ऐकतो! शेठने जाहीर केलं : वर्षभर विटा वाहायचं काम एकाच ट्रॅक्टरला. दोन मार्चला भरलेली ट्रॉली भट्टीच्या चढावरून जो न थांबता नेईल, त्याला.
हिने विचारलं, काम गेलं तर खायचं काय. म्हटलं, साडूचं पडलेलं तोंड बघूनच वर्षभर पोट भरेल. ती म्हणाली, तुमचं भरेल, आमचं काय.

२३ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडून ट्रकचा जुना टर्बो आणला, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. मिस्त्री म्हणाला, याची सील गेलीय. ऑईल इंजिनात उतरेल. इंजिन एकदा स्वतःचंच ऑईल पिऊन पळत सुटलं, की डिझेल बंद केलं तरी थांबणार नाही.
ऐकून अंगावर काटा आला. हुबेहूब माझं मागणं! म्हटलं, बसव.

२६ फेब्रुवारी
एअर फिल्टर काढून टाकला. इंजिनाला श्वास मोकळा हवा. मिस्त्री म्हणाला, धूळ जाईल. म्हटलं, मीही धूळ खाऊनच पन्नाशीला आलो. त्याने पाना खाली ठेवला आणि चहा प्यायला निघून गेला. पटलं असावं.

२८ फेब्रुवारी
हिने फोनवर बहिणीला सगळं सांगून टाकलं. घरभेदी! तासाभरात साडूचा निरोप : जुनं इंजिन आहे, जपून.
धमकी देतो काय?

१ मार्च
बाजारातून लोखंडी हुक आणला. जाड, उत्तम. उद्या जिंकल्यावर वीस माणसांसमोर साडूच्या हातात ठेवणार. वाक्य पाठ केलं : साडूभाऊ, तुम्हाला लागेल.

२ मार्च, सकाळी ६
सविस्तर विजयानंतर.

२ मार्च, सायंकाळ
ट्रॉली अजून जोडायची होती. लोकांना आवाज ऐकवावा म्हणून जरा रेस केलं. इंजिन गर्जू लागलं. पाय काढला, तरी गर्जतच राहिलं. मग किंचाळू लागलं. निळा-पांढरा धूर, चढ दिसेना. स्टॉपची दांडी ओढली, ती हातात आली. शेठ सगळ्यांत आधी पळाला. मिस्त्री ओरडत होता, उतरा, फुटेल! मी उतरलो. (पळालो नाही. अंतर राखलं.) लांबून देवाला म्हटलं, आता थांबलं तरी चालेल.
देव आला नाही. साडू आला. धावता धावता अंगातला शर्ट काढला, त्याचा बोळा करून इंजिनाच्या हवेच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिन घुसमटलं. थांबलं.
मिस्त्री म्हणतो, आणखी मिनिटभर गेलं असतं तर इंजिनाचे तुकडे वेचावे लागले असते. पण मी फिल्टर काढला होता म्हणून तोंड उघडं सापडलं, याचं श्रेय कुणीच दिलं नाही.
मग साडू बनियनवरच चढ चढून गेला. भरल्या ट्रॉलीसह. न थांबता. काम त्याचं.
परत येऊन दोर काढला, माझ्या ट्रॅक्टरभोवती वाकून एक चक्कर मारली. बांधायला जागा शोधत होता. बोलला काही नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

५ मार्च
शर्टाचं ऑईल निघेना. नवा घेतला. माप माहीत नव्हतं, माझ्याच अंगाला लावून पाहिला. द्यायला गेलो तर म्हणाला की एकट्याने एवढं काम उरकणार नाही, इंजिन पहिल्यासारखं करून घ्या, निम्म्या खेपा तुमच्या. मेव्हणीने चहा दिला. गोड होता. प्यावा लागला.

७ मार्च
टर्बो काढला. पंप जागेवर. फिल्टर जागेवर. नळाचा वायसरही बदलला.
आणलेला हुक पुढे वेल्ड करून घेतला. मिस्त्रीने हातोडीने ठोकून पाहिला. म्हणाला, बाकीचं सांगता येत नाही मालक, पण हा पन्नास वर्षं टिकेल.