मामाला तुम्ही नेलंत

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. काळ गेला की राग निवळतो, असं सगळे सांगायचे. माझा निवळला नाही.

निर्मळ गावात मामाच्या ओटीवर तुम्ही त्याला पटवत होतात, तो दिवस डोळ्यांसमोर आहे. मामी मोगऱ्याच्या कळ्या निवडतेय, तुम्ही खुर्चीत पाय पसरून बसलाय. फौजेत रणगाडे दुरुस्त करून निवृत्त झालेले तुम्ही आता इराकमध्ये एका खासगी लष्करी कंपनीच्या तुकडीचे प्रमुख होणार होतात. तिथलं सैन्य पळताना वाळवंटात टाकून गेलेले रणगाडे ट्रेलरवर चढवून आणायचे, हे तुमचं काम. ट्रेलर चालवायला तुम्हाला भरवशाचा माणूस हवा होता. "लढाई संपलीय. नुसतं भंगार ओढून आणायचं," तुम्ही म्हणालात. मामा हसला. "भावोजी, मी केळीचे घड वाहणारा माणूस." आई दारातून म्हणाली, "त्याला नका नेऊ हो." तुम्ही तिच्याकडे न बघताच म्हणालात, "मी आहे ना तिथे."

काही महिन्यांत तुम्ही परत आलात ते मामाची शवपेटी घेऊनच. क्रियाकर्म आटोपल्यावर नायगावच्या आपल्या स्वयंपाकघरात आईने विचारलं, "कसा गेला तो?" तुम्ही बेसिनवर हात धूत होतात. "घाई केली त्याने. मी तपासायच्या आधीच साखळी अडकवायला रणगाड्याखाली शिरला. खाली स्फोटकं पेरून ठेवली होती." एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात. नंतर बॅगेतून एक दुर्बीण काढून माझ्यापुढे धरलीत. "शत्रूच्या रणगाड्यातली आहे. जपून ठेव." मी रडत नको म्हटलं, तर केवढ्याने ओरडलात! "फौजीची मुलगी आहेस, लाज नाही वाटत?" आणि मामाचं तेरावं उरकताच पुन्हा तिकडेच निघून गेलात. आईने त्या दिवसापासून तुम्हाला वाढलं, तुमचे कपडे धुतले, पण स्वतःहून शब्द बोलली नाही.

मग शेवटचं ते इस्पितळ. भर दुपार, आई शहाळं आणायला खाली गेलेली. तुम्ही माझं मनगट पकडलंत. "त्याने घाई नव्हती केली. तपासलाय, जा खाली, असं मीच त्याला सांगितलं. तपासला नव्हता. उजेड होता तोवर आणखी एक उचलायचा होता." मी हात सोडवून घेतला. तेवढ्यात आई आली आणि तिच्या हातून तुम्ही शहाळ्याचं पाणी प्यायलात, निवांत. तुमचं ओझं उतरलं होतं. माझ्या लग्नात काही दिलं नाहीत, हे मात्र देऊन गेलात.

आज निर्मळला गेले होते. मामाचा मुलगा स्कूटरवर फुलांच्या करंड्या बांधून निघाला, तशी मामी मागून ओरडली, "सावकाश जा रे, बापासारखी घाई करू नको!" तो मान खाली घालून "हो" म्हणाला. लहानपणापासून हेच ऐकत आलाय तो. मेलेल्या माणसावर तुम्ही आळ घातलात, आणि तो अजून त्याचा पोरगा वाहतोय. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मामीने माझ्या केसांत गजरा माळला, म्हणाली, "जेवून जा, पोरी."

मी जेवून आले, बाबा. गप्प राहिले ती तुमची अब्रू राखायला नव्हे. खरं कळल्यावर त्या घरात मला पुन्हा कुणी जेवून जा म्हणणार नाही, याची मला भीती वाटते.