पीक सीझन

मखमलाबाद, नाशिक
आषाढ, सन २००५

श्री. यादवराव यांस,

धाकटा साडू वाल्मीक याचा नमस्कार. विनंती विशेष आपल्या ठिकाणी येईलच, आधी खुशाली. नवसाताईंची कंबर कशी आहे? तुमचा खोकला लासलगावच्या कांद्याच्या धुळीचा की विडीचा, याचा निकाल डॉक्टरांनी लावला का? इकडे सर्व क्षेम आहे, माझा उजवा पाय तेवढा घोट्यात सुजलेला आहे. वर तारीख घातलेली नाही, त्याचं कारण पुढे येतं. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही आधी बाजारभाव सांगता आणि मग लाईन जाते.)

आमच्या हिमालयाच्या सहलीबद्दल तुमच्या कानावर तिखटमीठ लावून काहीबाही आलं असेल, म्हणून खरं काय ते लिहितो. हे खूळ मुळात एका कॅलेंडरमधून आलं. खतवाल्याने अठ्ठ्याण्णव साली दिलेलं. त्यात ऑगस्टच्या पानावर उत्तरांचलातल्या डोंगरातल्या एका राष्ट्रीय उद्यानाचं चित्र होतं, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, म्हणजे अख्खी दरीच्या दरी फुलांनी भरलेली. आमच्या हिने, म्हणजे उज्वलाने, ऑगस्ट संपल्यावर ते पान उलटू दिलं नाही. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात अठ्ठ्याण्णवचाच ऑगस्ट चालू आहे. (आमच्या आत्याबाई राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी त्यावर बघून भलत्याच दिवशी एकादशी धरली आणि खऱ्या एकादशीला मटकीची उसळ दोनदा मागून खाल्ली. पत्रावर तारीख का नाही, ते आता कळलं असेल.)

तुम्ही म्हणाल, जन्म फुलांत गेलेल्या बाईला फुलं बघायला हिमालयात कशाला जायचंय? मीही हेच म्हणालो. तर ती म्हणाली, "आपल्याकडं फूल उमललं की खुडायचं आन बाजारात न्यायचं. तिथं कोणी खुडीत नाय. मला एकदा झाडावरच वाळलेली फुलं बघायची हायेत." यावर मी म्हणालो, सीझन बघून जाऊ. आणि आपला सीझन तर तुम्हाला ठाऊक आहे. श्रावणात त्र्यंबकेश्वरचे सोमवार, पाठोपाठ गणपती, मग नवरात्र, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घातल्याशिवाय या जिल्ह्यात ट्रॅक्टरसुद्धा जागचा हलत नाही. मध्ये सिंहस्थ आला, त्या साली तर आम्ही कुंपणावरची कण्हेरही विकली. असं करता करता बरीच वर्षं गेली.

शेवटी यंदा मी शहरातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. तिथे टाय लावलेला एक पोरगेला इसम बसला होता. त्याला विचारलं, तिकडचा सीझन कधी? तो म्हणाला, "काका, मे महिना! एकदम पीक सीझन." आता तुम्हीच सांगा, पीक म्हणजे काय हे आपल्यासारख्या माणसाला कोणी समजावून द्यायचं? मेमध्ये पीक उभं असतं म्हणजे दरी फुलांनी भरलेली असणार, असं मी धरून चाललो. भर उन्हाळ्यात पाण्याचं कसं काय, असंही मी विचारलं. (मी चौकशी करत नाही असा आरोप होतो, म्हणून लिहितो.) तो म्हणाला, पाणी पॅकेजमध्ये आहे.

गाडी डोंगराच्या कडेकडेने जात दरीच्या वाटेवरच्या गोविंदघाटला थांबली, तेव्हा पीक दिसलं, पण ते यात्रेला आलेल्या माणसांचं. दरी बर्फाखाली आणि उद्यान बंद. हिने चहावाल्याला आपल्या हिंदीत विचारलं, "फूल कब आता हाय?" तो म्हणाला, "सावन में आइए, माताजी." म्हणजे ऐन आपल्या सोमवारांत! पुढे बद्रीनाथला, निदान बर्फ तरी वसूल करावा म्हणून मी रस्त्याकडेच्या एका मळकट ढिगावर फोटोसाठी चढलो. फोटो आला आहे, त्यात फक्त माझे बूट दिसतात. तेव्हापासून पाय सुजला, शेताकडे जाणं बंद झालं, आणि मी ओट्यावर बसून सूचना देतो. ही मात्र रागावली नाही. नाशिकरोड येईपर्यंत एकदाच बोलली, "तुमी सीझन इचारला. फुलं कवा येत्यात ते इचारलंच नाय."

जास्त काय लिहिणे, पाय उशीवर ठेवून लिहितो आहे. ताईंना नमस्कार.

आपला,
वाल्मीक

ता. क. विनंती राहिलीच. ऑगस्टमध्ये हिला पुन्हा घेऊन जातो म्हणतो. नेमका तेव्हा झेंडू तोडणीला येईल. तुम्ही येऊन बायांकडून तोडून घ्याल का आणि पहाटे माल फुलबाजारात पोचवाल का? कांद्यापेक्षा सोपं काम आहे, फुलं रडवत नाहीत.

ता. क. दुसरा. पत्र हिला वाचून दाखवलं. बराच वेळ हसत होती. पाटापलीकडच्या शेतात यंदा झेंडू लावलेलाच नाही म्हणे, सोयाबीन पेरलं आहे. मी रोज ओट्यावरून झेंडूच्या खताच्या आणि फवारणीच्या सूचना देत होतो आणि ती "हां, हां" म्हणत होती. तेव्हा तोडणीचा प्रश्न मिटला.

ता. क. तिसरा. तिकिटंही काढून झाली आहेत. एक हिचं आणि दुसरं नवसाताईंचं. (वर कंबरेची चौकशी केली आहे ती खोडलेली समजावी.) मला म्हणाली, तुमचा पाय दुखतो, तुम्ही घरी बसा. खरं सांगतो, वाईट वाटलं. झाडावर वाळलेली फुलं मलाही बघायची होती, पण ते मी कधी बोललो नाही. तरी तुम्ही याच, तिकडे तुम्हाला एकट्याला भाकरी कोण घालणार? मला पिठलं येतं. आणि येताना यंदाचं कॅलेंडर आणा. तिने ते पान आज भिंतीवरून काढून पिशवीत घातलं, तिथे जाऊन ताडून बघणार आहे. त्या दोघी परत कधी येणार, हे बघायला आता या घरात ऑगस्टच उरलेला नाही.