पिचकारीतली लेन्स

४ मे, आलापल्ली

आज उगाच ती संध्याकाळ आठवली. माझा डोळ्यांचा दवाखाना नवा होता, लाइट गेलेले. शांता आणि मी मागच्या पायरीवर. माझ्या ब्लाऊजचं हूक तुटलेलं. कंदिलाच्या उजेडात, बोलता बोलता, बघितलं न बघितलंसं करून तिने एका दमात सुई ओवली. कॉन्व्हेंटमध्ये मदरनी एवढं भरतकाम शिकवलं, तरी सुई ओवायला मला कायम शांताच लागली.

आज ती ओ.टी.ची फाटकी चादर शिवायला बसली होती. दोरा ओला केला, पिळला, सुईच्या बाजूने नेला. पुन्हा. पुन्हा. मग म्हणते, "सुईच खराब आहे, बाई."

ओढत नेऊन तपासलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकलेला. उजवा लहानपणी बांबूची काडी लागून गेला. म्हणजे आहे तो एवढाच. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून दुसऱ्यांचे मोतीबिंदू बघणारी बाई, स्वतःचा लपवून बसली!

"तुमीच करा मंग," म्हणाली. चहा टाका म्हणावं तसं.

८ मे

इंजेक्टर आला. फाउंटन पेनएवढा. मोतीबिंदू काढला की त्या जागी बसवायची मऊ लेन्स गुंडाळून नळीत भरायची, मागून दाबायचं, बारीकशा छेदातून ती आत जाऊन आपोआप उलगडते. टाका नको. शांताच्या एकुलत्या डोळ्याला हेच हवं, म्हणून तर मागवला. तिच्या नंबरची एकच लेन्स आली आहे.

डॉ. अनिकेत, चंद्रपूरचा तरुण डोळ्यांचा डॉक्टर, एस.टी.ने आला, येताना आपल्या दोन लेन्स आणल्या. त्यातली एक बसवून त्याने दाखवलं. सरकन गेली. पुढच्या पेशंटला मी आमच्याकडची घेतली. अर्ध्यात अडकली. जोर लावला तर कड फाटून बाहेर. छेद वाढवून जुनी कडक लेन्स बसवली. पेशंट ठीक. मी नाही.

शांताने इंजेक्टरचं नाव पिचकारी ठेवलंय. "होळी झाली न बाई आता!"

१२ मे

आज पुन्हा. लेन्सला जागेवर धरणारा पाय आतच तुटला. मागची पिशवी फाटली नाही हे नशीब. फाटली असती तर लेन्स ठेवायला जागाच उरली नसती. शांताच्या डोळ्यात असं झालं असतं तर...

कंपनीच्या माणसाला फोन. "मॅडम, थोडी प्रॅक्टिस लागते." प्रॅक्टिस! हा चड्डीत असल्यापासून मी डोळे उघडते आहे. रिसीव्हर आपटला. मग हात टेबलावर ठेवून बघत बसले. कापत नाहीत. निदान मला दिसण्याइतके नाहीत.

१५ मे

अनिकेत पुन्हा आला, त्याने आज दोन शस्त्रक्रिया केल्या. बॅगेतून आपली डबी काढली, भरली, दाबली, झालं. लोण्यात सुरी. वर मला प्रेमाने, "मॅडम, तुम्ही आता जरा आराम करा." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

शांताला म्हटलं, याच्याकडून करून घे.

"नाई."

"काऊन नाही?" वैतागले की मीही इथलीच होते.

"त्याईचा हात मले ठावा नाई. तुमचा ठावा आहे."

"माझ्या हाताने दोन तुटल्या, शांता! तूच ट्रे धरला होतास!"

"तं मंग पिचकारी खराब असन." सुईच खराब, पिचकारीच खराब. या बाईच्या राज्यात माणूस कधी खराब होतच नाही.

चहा न घेता गेली.

१७ मे

रविवार. अंगाची लाही. लिंबू घ्यायला दवाखान्याचा फ्रिज उघडला. थेंबांच्या बाटल्यांमागे, अगदी बर्फाच्या कप्प्याला टेकून, लेन्सच्या डब्या. सगळ्या. एक ओल्या फडक्यात गुंडाळलेली, वर चिकटपट्टी: शांता.

बोलावलं.

"ह्या इथे कोणी ठेवल्या?"

"मीनंच. कवाच्या ठेवल्या. ऊन केवढं तापून राह्यलं, बाई! दूध नासते, दवाई नासते. एवढी महागाची चीज बाहेर ठेवू काय?"

"आणि ही फडक्यात?"

जरा लाजली. "माही आहे न थे."

डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. थंड ठेवू नये. थंडीने ही लेन्स कडक होते, उबेत आली की पुन्हा मऊ. गुंडाळली की मोडते. आख्ख्या जिल्ह्यात जीव भाजतोय आणि माझ्या लेन्स गारठून मेल्या! अनिकेतच्या एस.टी.त शेकत आल्या होत्या. बोलले, खूप बोलले, मग हसू आवरेना. शांता नाही हसली. "तं मंग तुमचा हात चांगला आहे न? मी काय म्हनत होती?"

तेवढंच मला ठाऊक नाही. दोष थंडीचा असेल, हातांचाही असेल. पडताळून बघायला तिच्या नंबरची दुसरी लेन्स नाही. बाकी सगळ्या आपापल्या पेशंटच्या नंबरच्या, उडवून बघायला नाहीत.

तिची डबी घरी आणली. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आहे.

१९ मे, सकाळ

नऊला शांताचं ऑपरेशन. तिला सांगितलं, अनिकेत शेजारी उभा राहील, कडक लेन्सही तयार असेल, आणि मी थांब म्हटलं की तो हातात घेईल. "घेऊ द्या. पर सुरू तुमीच करा." डबी हातात घेतली, कोमट आहे.

आज जमो न जमो, कोणाला काय द्यायचं ते एकदा लिहून ठेवते. इंजेक्टर अनिकेतला. हात थांबले तर ऑपरेशनचा सूक्ष्मदर्शकही त्यालाच, मात्र त्याने महिन्यातून दोनदा इथे यायचं, पेशंटना चंद्रपूरला बोलवायचं नाही. जुने चिमटे अहेरीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना, त्या अजून कडक लेन्स बसवतात. फ्रिज दवाखान्यातच राहू दे, दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावा.

माझा भरतकामाच्या सुयांचा डबा शांताला. काहीही झालं तरी.